लवण

कोशिमपाड्यात पुष्पलताचं नाव ‘मिठाची बाय’ पडलं ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ते पडायला अख्खी दुपारही लागली नाही.

ती आली होती खुंट्या ठोकायला. पोशेऱ्याच्या पुढे दोन डोंगर ओलांडले की उताराच्या कुशीत हा एकोणीस घरांचा पाडा लागतो. दोन वर्षांपूर्वी पाड्याखालचा डोंगर कापून रस्ता रुंद केला गेला आणि गेल्या पावसाळ्यानंतर घरांच्या वरच्या अंगाला जमिनीत एक भेग दिसू लागली. आधी बोट जाईल एवढी, दिवाळीपर्यंत हात जाईल एवढी. पाहणी झाली, पाडा धोक्यात असल्याचा शेरा पडला आणि पावसाआधी सगळी घरं दुसरीकडे हलवायचं ठरलं. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे ज्या नकाशावरून ठरलं तो नकाशा पुष्पलताने केला होता.

जव्हारच्या एका खाजगी संस्थेत ती जमिनीचे नकाशे करायची. वडील जामसरच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होते. त्यांनी तिला पुण्याला पाठवून मृदाशास्त्र शिकवलं. बोलणं कमी, लिहिणं नेमकं, अशी तिची ख्याती होती. तिच्या नकाशावर नदीच्या वळणाच्या आत तीन एकरांचा एक तुकडा फिकट गुलाबी रंगवलेला होता आणि खाली लिहिलं होतं: ‘लवणयुक्त जमीन. शेतीस अयोग्य. उतार नगण्य. वसाहतीस योग्य.’ कागदोपत्री ती सरकारी पड होती, रस्त्यालाही लागून होती. वरच्या कचेरीला आणखी काय हवं होतं?

चौथी खुंटी ठोकत असताना गोदाबाई समोर येऊन उभी राहिली. साठी ओलांडलेली, काटक बाई. राब भाजायसाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांचे वाफे जाळून घ्यायसाठी, गोळा केलेल्या पाल्याचा भारा डोक्यावर होता.

“काय मोजतंस बाय?”

“घरं इथे येणार ना, मावशी. त्याच्या खुणा करतेय.”

“हितं? ह्या लवणीत?”

“हो. नाहीतरी इथे पिकत काही नाही ना. जमिनीत लवण आहे म्हणून.”

गोदाबाईने भारा खाली टाकला. “जमिनीत लवण कशी असंल? ही जमीनच लवण हाय.”

“लवण म्हणजे मीठ, मावशी. मातीत मीठ उतरलंय इथल्या.”

गोदाबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग मान वळवून ओरडली, “अगं ए जयवंती! ऐक ही बाय काय सांगते. आपल्या लवणीत मीठ हाय म्हनते!”

तिची सून जयवंती पलीकडच्या वाफ्यावर राब पेटवत होती. पाठीला मूल बांधलेलं. ती हसत हसत आली आणि म्हणाली, “मंग आत्या, मोखाड्याच्या बाजारातनं पुड्या कशाला आनता? हितनंच चिमूट उचलायची.”

“चाटून तरी बघितलं का बाय?” गोदाबाई म्हणाली. “खारट लागलं तर आमालाबी सांग. दुकानच टाकतो.”

पुष्पलता खाली बसली. मातीवर पांढुरका थर होता, फेब्रुवारीत पाहिला होता तसाच. तिने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवला. राखेची चव लागली, मग नुसत्या मातीची. राब भाजल्यावर वाऱ्याने उडून पसरलेली राख होती ती.

जीभ रुमालाला पुसताना फेब्रुवारीतली दुपार तिला जशीच्या तशी आठवली. त्या दिवशी याच जयवंतीला तिने विचारलं होतं, ही जमीन कसली? जयवंती म्हणाली होती, “ती लवण हाय.” पुष्पलताने मनातल्या मनात वाक्य दुरुस्त केलं होतं: ती नव्हे, ते. घरी ही माणसं वेगळं बोलतात, मराठी त्यांची दुसरी भाषा. लिंगात गोंधळ होणारच. जमिनीवर पांढरा थर होता, गुरांनी धसकटं खाऊन टाकल्यामुळे खाचरं सोडून दिल्यासारखी दिसत होती, आणि क्षार मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. तिने ‘स्थानिक माहिती’ या रकान्यात लवण असं लिहिलं आणि बाकीचं पुण्यातल्या पुस्तकांनी भरून टाकलं.

जिथे वर्षाला शंभर इंच पाऊस पडतो तिथे मातीत मीठ टिकेलच कसं? हा प्रश्न बारावीच्या मुलालाही पडला असता. तिला पडला नव्हता.

“मावशी, मग लवण म्हणजे काय?”

गोदाबाईने तळहात पुढे केला आणि बोटं किंचित वर उचलली. तळव्यात खळगा झाला. “ही अशी. डोंगराचं पानी खाली येतं, नदीचं वर येतं. दोन्ही जिथं लवतात ती लवण. सगळ्यात आधी हितं रोपांची आवणी, सगळ्यात शेवटी हितं कापनी. गरवं भात, बाय, उशिरा पिकनारं. नाचणी बुडाली, वरई गेली, तरी लवण देते. आमची पाच घरं हिच्यावर जगतात.”

“आणि पाणी किती चढतं?”

“चल, दावते.”

त्या दुपारी गोदाबाईने तिला जे दाखवलं ते पुष्पलताने आधीही पाहिलं होतं. नकाशावर त्याला वेगवेगळे रंगही दिले होते. पण ते सगळं एकाच हिशेबाने मांडलेलं आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. नदीला लागून करंज आणि जांभळांची पट्टी मोकळी सोडलेली. ती नदीची, तिथे कुणी काही करत नाही. मग लवण, भाताची. तिच्यावर चढत जाणारी उताराची वरकस जमीन, नाचणी-वरईची. त्याच्या वर डोंगराच्या खांद्यावर घरं, प्रत्येक घर ओघळीला पाठ न देता जरा तिरपं बांधलेलं. आणि त्याच्या वर कारवीचं रान.

“तुमच्या वाडवडिलांनी विचार करून बसवलाय पाडा,” पुष्पलता म्हणाली.

“इचार कसला! पानी कुठनं जातं बघायचं आन् त्याच्या वाटंतनं बाजूला ऱ्हायाचं. रस्त्यावाल्यांनी डोंगराचा पाय तोडला नसता तर आमाला कुठं जायाचं होतं?”

जांभळाच्या खोडापाशी ती थांबली. फांद्यांच्या बेचक्यात गेल्या पुराचा पाचोळा, चिंध्या, एक प्लास्टिकची चप्पल अडकलेली होती. पुष्पलताने टेप लावला. लवणीच्या जमिनीपासून चार फूट सात इंच. नव्या घरांचं जोतं दोन फुटांचं असणार होतं.

तिने ठोकलेल्या खुंट्या तशाच ठेवल्या. उपटायचा अधिकार तिचा नव्हता.

संध्याकाळी वडिलांना तिने फक्त एवढंच विचारलं की लवण म्हणजे काय.

“क्षार,” ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत राहिले. “मुलं निबंधात लिहायची. ‘आमची शेती लवणीत आहे.’ ‘ती लवण मोठी आहे.’ मी लाल शाईने दुरुस्त करायचो. तीस वर्षं केलं.” चष्मा परत लावत त्यांनी विचारलं, “का गं?”

“काही नाही,” ती म्हणाली.

संस्थेचे प्रमुख हेमराज सर मूळचे नाशिकचे. पन्नाशीचा, दमलेला पण सज्जन माणूस. पुष्पलताने समोर नकाशा पसरला तेव्हा ते चहात बिस्कीट बुडवत होते.

“सर, नकाशा चुकलाय.”

“किती?”

“तीन एकर.”

“अहो मॅडम, तीन एकर म्हणजे तुमच्या पेन्सिलीच्या टोकाची जाडी.”

“त्या जाडीत एकोणीस घरं बसणार आहेत, सर.”

तिने सगळं सांगितलं. राख, जयवंतीचं वाक्य, जांभळाच्या खोडावरची खूण. हेमराज सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. बिस्कीट कपात विरघळून गेलं.

“पर्यायी जागा?” शेवटी त्यांनी विचारलं.

“कुसुंब्याचा माळ. नदीपलीकडे, पुरापासून उंच, भेगेपासून लांब. खडक पक्का आहे.”

“आणि पाणी?”

“नाही. खालून वाहावं लागेल. पण टाकी बांधता येईल.”

“आणि माळ वनखात्याचा.”

“हो.”

“म्हणजे एक वर्ष. दोनही.” ते खुर्चीत मागे रेलले. “आता नीट ऐका. आज एप्रिल अर्धा संपलाय. तुम्ही हे पत्र दिलंत तर लवणीची जागा रद्द होईल, ते एका दिवसात होईल. माळ मात्र मंजूर होणार नाही. एकोणीस घरं पावसाळाभर भेगेखाली. हे तुम्ही पत्रात लिहिणार आहात का?”

“लिहीन.”

“लिहाल हो! वाचणार कोण? तुमचं पाणी चार फूट सात इंच, जोतं दोन फूट. म्हणजे अडीच फूट पाणी घरात, वर्षातून तीन दिवस. बरोबर? आता मला सांगा, भिजलेलं घर बरं की गाडलेलं?”

असा हिशेब पुष्पलतानेही येताना जीपमध्ये केला होता.

“पाणी तासाभरात चढतं, सर. आणि दोन्ही बाजूंनी येतं. बाहेर पडायला वाट राहत नाही.”

“खरं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही चुकीचं काही सांगत नाही आहात. तीच तर अडचण आहे. तीन दिवस घ्या. पत्र तुमच्या सहीने जाईल, मी अडवणार नाही. पण मी तुमच्या जागी नाही, याचं मला बरं वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाड्यावर गेली. गोदाबाईच्या खळ्यावर लोक जमले. सारवलेलं गोल खळं होतं, पाड्यातलं सगळ्यात सपाट ठिकाण तेच. पंचायतीचा सदस्य गोकुळ सगळ्यात पुढे बसला होता. तिशीच्या आतला, वसईला सहा वर्षं सेंट्रिंगचं काम करून परतलेला. रस्त्याला लागून घरं मिळावीत म्हणून मोखाड्याच्या कचेरीत त्यानेच खेटे घातले होते.

पुष्पलताने उभं राहून सांगितलं. चूक कुणाची, तीही सांगितली. पाणी किती, हेही. आणि चूक दुरुस्त केली तर यंदा दुसरी जागा मिळणार नाही, हे सगळ्यात शेवटी.

गोकुळ हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

“म्हंजे मॅडम, फेब्रुवारीत चुकायचं तुमी, आन् खरं बोलायचं एप्रिलमधी. मधे दोन महिने आमी टाइमपास करत होतो काय?”

“माझी चूक आहे.”

“चूक तुमची. डोंगर आमच्या बोडक्यावर. शिकलेल्या मानसाचं हे बरं असतं, चूक कबूल केली की सुटला!”

“गोक्या, नीट बोल,” गोदाबाई म्हणाली.

“नीटच बोलतोय काकी. तुला तुझं भात वाचवायचं हाय, सरळ सांग ना. पाच घरांची लवण, आन् एकोनीस घरांचा जीव.”

“माझं भात? अरं, लवणीत घर बांधलं तर तुझ्या बापाची हाडं हसतील तुला. अडुसष्टाच्या पुरात लवणीतनं काय वाहून गेलं, इचार जा तुझ्या आईला. लवणीत भात ऱ्हातं. मानूस नाय ऱ्हात. मी तर नाय जानार.”

“मी जाईन.”

सगळे वळले. जयवंती खळ्याच्या कडेला मूल मांडीवर घेऊन बसली होती. सासूसमोर ती कधी असं बोलली नसावी.

“मी जाईन, आत्या. पानी वर्सातनं चार दिस येतं. भेग रोज हाय. मी रोज सकाळी वर जाऊन बघते. काडी घालून ठेवते तिच्यात. काडी रोज खाली पडते.”

गोदाबाईने सुनेकडे पाहिलं नाही. जमिनीवरची एक लोंबी उचलून ती चोळत राहिली.

“मग तुमीच सांगा,” गोकुळ पुष्पलताला म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. “डोंगर घ्यावा का नदी? तुमी शिकलेल्या हाय. सांगा.”

माळाबद्दल दोन वाक्यं बोलून पुष्पलता खाली बसली.

तीन दिवस तिने घेतले. तिसऱ्या दिवशी पत्र लिहिलं. हे धैर्य होतं की नुसती सवय, हे तिला कधीच नीट ठरवता आलं नाही. जी जागा तिने टेप लावून अयोग्य ठरवली होती तिच्यापुढे ‘योग्य’ या शब्दाखाली सही तिच्या हातून होईना, एवढंच. पत्रात तीन परिच्छेद होते. पहिल्यात स्वतःची चूक आणि लवणीच्या जागेची शिफारस रद्द. दुसऱ्यात कुसुंब्याच्या माळाची शिफारस. तिसऱ्यात, पाडा पावसाआधी हलवणं अत्यंत तातडीचं आहे, निदान तात्पुरता निवारा द्यावा.

पहिल्या परिच्छेदावर चौथ्या दिवशी कार्यवाही झाली. दुसरा वनखात्याकडे गेला. तिसऱ्याचं काय झालं याची चौकशी ती मे महिनाभर करत होती.

जून तुरळक सरींवर गेला तसे लोक पत्र विसरले. पेरणी झाली, रोपं वर आली, लवणीत सगळ्यात आधी आवणी लागली. पुष्पलता दर आठवड्याला पोशेऱ्यापर्यंत एसटीने आणि पुढे चालत जाऊन भेग मोजून यायची. तिला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. पोरं लांबूनच ओरडायची, “मिठाची बाय आली!” गोकुळ तिला पाहिलं की दुसऱ्या वाटेने जायचा. जयवंती मात्र बरोबर वर यायची, टेपचं दुसरं टोक धरायची. पहिल्या आठवड्यात वाढ बोटभर. दुसऱ्यात बोटभर. तिसऱ्यात चार बोटं, आणि तेही पाऊस नीट लागायच्या आधी.

ते आकडे घेऊन ती हेमराज सरांपुढे उभी राहिली. त्यांनी कागद पाहिला आणि फोन उचलला. एक, दोन, पाच फोन केले. शेवटच्या फोनवर त्यांचा आवाज चढला. तिने तो असा कधी ऐकला नव्हता. संध्याकाळपर्यंत एका आश्रमशाळेचं सभागृह उघडून मिळालं. सव्वीस किलोमीटर दूर.

एकोणीस घरं एका जीपच्या आठ फेऱ्यांत गेली. भांडी, गोधड्या, कोंबड्या. गुरं पाड्यावरच राहिली. त्यांना सभागृहात कोण घेणार? दिवसाआड दोघे-तिघे जाऊन चारा घालून यायचे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस सलग पाच दिवस थांबला नाही. पाचव्या दिवशी दुपारी चारला डोंगर घसरला. पाड्यावर तेव्हा माणूस नव्हतं. वरची सात घरं, गोदाबाईचं खळं, गोठ्यातली बैलजोडी आणि अकरा शेळ्या गेल्या. उरलेली बारा घरं उभी राहिली, पण त्यांच्याखालून आणि वरून तडे गेले होते. त्यांत राहायला आता कुणी परवानगी दिली नसती, आणि कुणी मागितलीही नाही.

सहाव्या दिवशी पुष्पलता पोहोचली तेव्हा लवण भरलेली होती. नदी कुठे संपते आणि भात कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. तिच्या खुंट्यांचा पत्ता नव्हता. ती मोजपट्टी घेऊन गुडघाभर पाण्यात शिरली, जांभळापर्यंत दोराच्या आधाराने गेली आणि खोडावरची नवी ओली रेघ मोजून परतली.

रस्त्यावर गोकुळ उभा होता. डोक्यावर प्लास्टिकची गोणी. वर त्याचं घर होतं त्या जागी लाल माती होती.

“किती भरलं?” त्याने विचारलं.

“पाच फूट एक इंच.”

“म्हंजे तुमचं बरोबर निघालं.”

“हो.”

“आन् आमचं?”

पाऊस गोणीवर तडतडत होता. पुष्पलताने वही पिशवीत ठेवली. आकडा लिहायचा राहून गेला आणि नंतरही तिने तो कधी लिहिला नाही. तो विसरायचा प्रश्नच नव्हता.

सभागृह पंधरा ऑगस्टला मोकळं करून द्यावं लागलं. शाळेला ते हवं होतं, आणि त्यात शाळेचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. लोक वाटेल तिकडे पांगले. कुणी मोखाड्याला भाच्याकडे, कुणी जामसरच्या सोयऱ्याकडे. बहुतेक जण वसईकडे गेले. एरवी दिवाळीनंतर जायचे ते यंदा श्रावणातच गेले. गोकुळ सेंट्रिंगला परत गेला आणि जाताना आईला घेऊन गेला. जयवंती आणि तिचा नवरा एका इमारतीच्या कामावर राहिले. तिने पुष्पलताला एकदा फोन केला. जिथे राहतो तिथे पावसाचं पाणी खोलीत येतं म्हणाली, वितीएवढं. मग स्वतःच हसली. “हितं बी लवणच निघाली, मॅडम.”

गोदाबाई गेली नाही. पोशेऱ्यात नणदेच्या पडवीत राहून ती रोज दोन डोंगर ओलांडून लवणीत यायची. पूर उतरल्यावर आडवी झालेली रोपं तिने हाताने उभी केली, वाहून गेलेल्या ठिकाणी दुसरीकडचं रोप आणून लावलं. आपल्याच नव्हे, पाचही घरांच्या खाचरांत. गरवं भात ते, पाण्यात तीन दिवस राहिलं तरी तग धरून होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुष्पलता वनखात्याच्या फाइलीसाठी माळाची पुन्हा मोजणी करायला गेली. फाइल आता पालघरला होती, तिथून आणखी कुठे जायची होती. एक नकाशा कमी पडला होता. खाली लवणीत भात पिवळं, दाट उभं होतं. तीन बाया कापत होत्या. एवढ्या शेताला पूर्वी वीस माणसं लागायची.

माळावर चढल्यावर तिला गोदाबाई दिसली. उताराच्या अलीकडे सपाट जागा बघून तिने गवत काढलं होतं, दगड वेचून कडेला रचले होते आणि ओणवी होऊन शेणाने जमीन सारवत होती. शेजारी पाण्याचे दोन हंडे. एक रिकामा, एक अर्धा.

“मावशी, हे काय करताय?”

“खळं.” गोदाबाईने मान वर केली नाही. “भात कापाया घेतलंय. झोडायचं कुठं? खाली ओल हाय अजून, वर डोंगर नाय ऱ्हायला. मंग म्हनलं, तू हितंच घरं काढलीस ना कागदावर?”

“ते अजून मंजूर नाही झालं.”

“होईल तवा होईल. भात थांबत नाय.”

“वनरक्षक आला तर उठवेल.”

“उठवंल तर उठू. झोडून होईपर्यंत तर ऱ्हाईल ना कोनी?” तिने हात हंड्यात बुडवला, ओंजळभर पाणी शेणावर शिंपडलं, जपून. “गोक्याला निरोप धाडलाय. भात झोडायला या म्हनलं. खळं केलंय म्हनलं. आली चार घरं तरी बस.”

पुष्पलताने मोजणीचं यंत्र तिकाटण्यावर चढवलं, खाली नदीकडे रोखलं. गोदाबाई हे दोन हंडे घेऊन किती चढून आली असेल हे तिला दुर्बिणीतून पाहायचीही गरज नव्हती. एकशे सात मीटर. दिवसाला किती खेपा?

सारवून झालेल्या भागावर गोदाबाईने तळहात फिरवला, कुठे खळगा राहिला का ते बघायला. मग टाचांवर बसली.

“बाय, एक सांग. तू मातीचं शिकलीस. हितं हीर खनली तर लागंल पानी?”

पुष्पलताने माळावर नजर टाकली. वरचा हातभर जांभा, त्याखाली एकसंध काळा खडक, एक फट नाही. सगळं पाणी अंगावरून घसरून नदीला जायचं. मार्चमध्ये तिने इथे तीन ठिकाणी चाचणी घेतली होती. गोदाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. हो म्हणायला एकच अक्षर पुरे होतं, आणि त्या अक्षरावर गोकुळला, जयवंतीला दुसरा निरोप गेला असता, राहायलाच या असा.

“नाही लागणार, मावशी,” ती म्हणाली. “कितीही खोल गेलं तरी.”

“बरं,” गोदाबाई म्हणाली.

तिने उरलेला हंडा ओढून जवळ घेतला आणि राहिलेला कोपरा सारवायला घेतला.